सर, तुमचा पासवर्ड आम्हाला पाठ आहे

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. हा लेख ज्या सरांबद्दल आहे, त्यांनी तो छापायला जाण्याआधी वाचलेला आहे. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, एका वाक्याशेजारी समासात 'मी असं म्हणालो नव्हतो' असं लिहिलं (ते वाक्य मी काढून टाकलं) आणि शेवटी जर्नलवर करतात तशी तारखेसकट सही केली. नाव मी लिहीत नाही. हॉस्टेलवाले चौथ्या-पाचव्या परिच्छेदापर्यंत ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही. आणि हो, पासवर्ड आता बदललेला आहे. उगाच प्रयत्न करू नका.

गोष्ट सुरू होते गेल्या ऑगस्टमध्ये, डोंबिवलीला, स्टेशनबाहेरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात. कॉलेजच्या प्रिंटरचा टोनर नेहमीप्रमाणे सबमिशनच्या आठवड्यातच संपला होता, म्हणून मी जर्नलची अनुक्रमणिका छापायला तिथे गेलो. दुकानात दोन कॉम्प्युटर. कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसलेली. मेलमधून फाइल उतरवायची म्हणून ब्राउझर उघडला तर माझ्या मेलऐवजी दुसराच इनबॉक्स समोर. आमच्या सरांचा! ते डोंबिवलीलाच राहतात, सकाळी लोकल पकडण्याआधी काहीतरी छापून गेले असणार. वरून तिसऱ्या मेलचा विषय होता युनिट टेस्टचा पेपर. टेस्ट पुढच्या गुरुवारी.

खोटं बोलत नाही, माउस तिथपर्यंत गेला. मागे रांगेत एक काकू आधार कार्डाची रंगीत प्रत काढायला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "झालं का रे बाळा?" आणि मी लॉगआउट दाबलं. काकू नसत्या तर मी काय केलं असतं हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. टेस्टमध्ये २० पैकी १३ पडले, ते माझे स्वतःचे.

हॉस्टेलवर येऊन रूममेटला सांगितलं. "येडा आहेस का तू?" एवढंच तो बोलला आणि पांघरूण ओढून झोपला. सरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

का नाही सांगितलं? कारणं सगळ्यांना माहीत आहेत. २५ मार्कांचं टर्मवर्क त्यांच्या हातात. आपण सांगायला जावं आणि त्यांनी विचारावं, "तू माझ्या मेलमध्ये काय करत होतास?" शिवाय हे सर आम्हाला नेटवर्क सिक्युरिटी शिकवतात, आणि फार छान शिकवतात. आरएसएचं गणित त्यांनी खडू-फळ्यावर लहान आकडे घेऊन असं सोडवून दाखवलं होतं की मेकॅनिकलचा एक मित्र सहज मागच्या बाकावर येऊन बसला होता, त्यालाही कळलं. अशा माणसाला आपण काय शिकवणार?

आणखी एक कारण होतं, ते कुणी उघड बोलत नाही. सरांचा पासवर्ड आम्हाला सोयीचा होता. त्यांच्या मॉनिटरच्या खालच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असायची. त्यावर कॉलेजच्या नावाची आद्याक्षरं, मग अॅट, मग एक दोन तीन. चिठ्ठीची तशी गरजही नव्हती. हजेरी आणि इंटर्नलचे मार्क पोर्टलवर भरायचे असले की सर आम्हा तिघांना बसवायचे: मला, माझ्या रूममेटला आणि ठाण्याहून येणाऱ्या आमच्या वर्गातल्या एका मुलीला. दोन तुकड्या मिळून दीडशेच्या आसपास मुलं, पोर्टल दर दहा मिनिटांनी बाहेर फेकणारं, आणि शेवटची तारीख नेहमी उद्याची. सर वर्गावर, आम्ही स्टाफरूममध्ये. फोनवर ओटीपी आला की सर वर्ग थांबवून कॉरिडॉरमधून सहा आकडे ओरडून सांगायचे. सगळा मजला ऐकायचा. आम्हाला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर थोडा मानही वाटायचा. सरांचा पासवर्ड माहीत असणं म्हणजे वर्गात वजन!

ऑक्टोबरमध्ये हे वजन उतरलं.

पोर्टलवर एका मुलाचे इंटर्नलचे मार्क १७ दिसत होते. सरांच्या हाताने लिहिलेल्या कागदावर ७. फक्त एक १ पुढे जास्त. आणि तो मुलगा माझ्या रूममेटच्या गावचा. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये आम्हा तिघांना बोलावलं. मला आणि तिला एकेक प्रश्न, रूममेटला तोच प्रश्न तीनदा. पोर्टलची नोंद काढली. त्यात बदल करणाऱ्याचं नाव होतं सरांचं. वेळ रात्री ८ वाजून काही मिनिटं, मोबाइलच्या इंटरनेटवरून. सर म्हणाले, "त्या वेळी मी ट्रेनमध्ये होतो. फोनवरून काही नोंदी मी स्वतःही केल्या होत्या. माझंही बोट चुकलेलं असू शकतं." म्हणजे बघा, खुद्द सरांनासुद्धा ठामपणे 'मी नाही' म्हणता येईना. आम्हालाही येईना. १७ चे ७ झाले, प्रकरण मिटलं. पण त्या दिवसापासून वर्गात माझ्या रूममेटला 'सतरा' म्हणतात. हाक मारली की तो वळून बघत नाही.

पासवर्ड म्हणजे गुपित राखायची वस्तू, एवढंच आपण धरून चालतो. पण त्याचं दुसरं काम असतं, ते आपल्या पुस्तकात 'अकाउंटेबिलिटी' म्हणून एका ओळीत उरकलेलं आहे. कुठल्या खात्यातून काय केलं गेलं, त्याची नोंद त्या खात्याच्या मालकाच्या नावावर पडते. एक खातं चार जणांनी वापरलं की नोंद असते, पण तिला काही अर्थ उरत नाही. मग ज्याने केलं तो मोकळा, आणि ज्याने केलं नाही त्याच्याकडे तसं दाखवायला काहीच नाही. चिठ्ठीमुळे सरांचं जितकं नुकसान होणार होतं, त्याहून जास्त माझ्या रूममेटचं झालं.

तो चिडला होता. "आता दाखवतोच," म्हणाला. बेत असा, की सरांच्या खात्यात शिरायचं आणि त्यांच्याच मेलवरून विभागप्रमुखांना राजीनामा पाठवायचा. म्हणजे कळेल सगळ्यांना! रात्री दीड वाजता मेसच्या पायऱ्यांवर मी त्याला रॉबर्ट मॉरिसची गोष्ट सांगितली. ती इथेही सांगतो, कारण 'दाखवून देतो' म्हणणारा प्रत्येक विंगमध्ये एक असतोच.

खरं तर मॉरिस दोन. थोरला रॉबर्ट मॉरिस बेल लॅब्समध्ये. त्याने आणि युनिक्सवाल्या केन थॉम्प्सनने १९७९ साली पासवर्डवर एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांनी निवडलेले ३,२८९ पासवर्ड त्यांनी गोळा करून तपासले. त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर फार आखूड निघाले, नाहीतर शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडले. धाकटा रॉबर्ट, त्याचा मुलगा, कॉर्नेल विद्यापीठात शिकत होता. २ नोव्हेंबर १९८८ ला त्याने इंटरनेटवर एक वर्म सोडला. त्यात इतर युक्त्यांबरोबर ४३२ नेहमीच्या शब्दांची एक यादी होती, ते शब्द पासवर्ड म्हणून लावून बघायची. बापाने दाखवलेली खोट नऊ वर्षांनी पोराने वापरली. नेटवर्कची सुरक्षा किती कच्ची आहे हे दाखवणं हाच त्याचा हेतू होता, असं पुढे कोर्टाच्या निकालातही नमूद झालं. पण वर्म अंदाजापेक्षा फार वेगाने पसरला, हजारो यंत्रं ठप्प झाली, आणि १९९० मध्ये त्याला शिक्षा झाली: ३ वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. पुढे तो एमआयटीमध्ये प्राध्यापक झाला हे खरं आहे. पण आपल्या सगळ्यांच्या नशिबात एमआयटी असेलच असं नाही.

आपल्याकडचा कायदा तर जास्त स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ म्हणतं, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलात तर भरपाई द्यावी लागेल. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवण्यासाठी केलंत तर कलम ६६, म्हणजे ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड तशाच हेतूने वापरण्यासाठी तर वेगळं कलम ६६सी आहे, २००८ च्या दुरुस्तीने आलेलं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेलं. दार उघडं होतं, चिठ्ठी समोर होती, याने सुटका होत नाही. सरांनी मार्क भरायला पासवर्ड दिला होता, राजीनामा लिहायला नव्हे. रूममेट बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग तू जाऊन बोल ना. तुला तर ऑगस्टपासून माहीत आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाचनंतर गेलो. स्टाफरूममध्ये सर एकटेच, डबा भरत होते. वर्गात सगळ्यांसमोर विचारायचं नाही, हे मी ठरवलं होतं. वर्गात विचारलं की माणूस उत्तर देत नाही, बचाव करतो. कागदावर मुद्दे नेले होते, ते खिशातच राहिले. मी म्हणालो, "सर, ऑगस्टमध्ये स्टेशनजवळच्या दुकानात तुमचा मेल उघडा राहिला होता. मी बंद केला. सांगायला दोन महिने उशीर झाला."

सर थांबले. "पेपर बघितलास?"

"नाही सर."

"मग सांगितलं का नाहीस?"

"टर्मवर्क तुमच्या हातात आहे, सर."

हे वाक्य तोंडातून कसं गेलं मला माहीत नाही. सरांनी डबा बाजूला ठेवला आणि खुर्ची दाखवली. पुढचा पाऊण तास आम्ही बोललो, आणि मला कबूल केलं पाहिजे की त्यांच्या बाजूलाही म्हणण्यासारखं बरंच होतं.

चिठ्ठी का? तर पोर्टल दर साठ दिवसांनी पासवर्ड बदलायला लावतं, आधीचे पाच चालत नाहीत, एक मोठं अक्षर हवं, एक चिन्ह हवं. "वर्षाला सहा पासवर्ड मी कुठे लक्षात ठेवू?" यात सरांची चूक कमी आणि नियमाची जास्त आहे. हा नियम जगभर पसरला तो अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या २००३ च्या एका मार्गदर्शिकेतून. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये एका वर्तमानपत्राशी बोलताना त्या सल्ल्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच वर्षी एनआयएसटीने मार्गदर्शिका बदलली: पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर उगाच ठरावीक दिवसांनी बदलायला लावू नका, चिन्हांचा आग्रह धरू नका, लांबी वाढू द्या, आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत असलेला पासवर्ड घेऊ नका. आमच्या पोर्टलपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे. सरांना हे ऐकून इतका आनंद झाला की क्षणभर मला वाटलं, चिठ्ठी आता फ्रेम करून लावतात की काय!

मग ते म्हणाले, "माझ्या मेलमध्ये चोरण्यासारखं आहे तरी काय? पगार बँकेत जातो." मी म्हटलं, सर, बघू या. त्यांनी स्वतःच मेल उघडला आणि 'आधार' हा शब्द शोधला. मेंटॉर म्हणून त्यांच्याकडे असलेल्या मुलांची शिष्यवृत्तीची कागदपत्रं एकामागोमाग एक समोर आली. आधार, जातीचा दाखला, वडिलांचा उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान. त्यात माझंही होतं. सर काही बोलले नाहीत. नंतर मी सेटिंगमध्ये जाऊन खातं कुठकुठे उघडं आहे ती यादी दाखवली. ११ ठिकाणं! दोन वर्षांपूर्वीच्या प्रोजेक्ट ग्रुपचा लॅपटॉप, भाच्याला दिलेला जुना फोन, सेमिनार हॉलचा कॉम्प्युटर... पोर्टलचा पासवर्ड विसरलो म्हटलं की नवा करायची लिंकही याच मेलवर येते, म्हणजे मेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात पोर्टल. एकेक करून सगळी काढली. (ही यादी तुम्हीही आज रात्री बघा. माझ्या स्वतःच्या खात्यात कल्याणच्या एका सायबर कॅफेचं यंत्र निघालं, जिथे मी प्रवेशाचा फॉर्म भरला होता. दुसऱ्याला शिकवायला निघालेला मी!)

सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनी शेवटी विचारला. "म्हणजे मी विद्यार्थ्यांवर विश्वास ठेवायचा नाही?"

मी त्यांना २००५ चं पुण्याचं प्रकरण सांगितलं. तिथल्या एका कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या काहींनी अमेरिकेतल्या बँक-ग्राहकांचे पिन मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांवर वळवले, असं पोलिस तपासात पुढे आलं. कुठलंही कुलूप फोडलेलं नव्हतं. गोड बोलून विश्वास मिळवला आणि पिन घेतले. सर म्हणाले, "ते चोर होते, तुम्ही नाही." बरोबर आहे. उदाहरण चुकलंच माझं. मग मला म्हणायचं होतं ते सरळ म्हणालो: "सर, तुमचा आमच्यावर विश्वास आहे. पण त्या केबिनमध्ये तो उपयोगी पडला नाही. 'मी नाही' एवढं दाखवायला त्याच्याकडे काहीतरी असायला हवं होतं."

रूममेटचं नाव मी घेतलं नव्हतं. सरांनी मान हलवली आणि चिठ्ठी काढून चुरगाळली. मग पुन्हा उलगडून तिचे बारीक तुकडे केले. हे बघून मला बरं वाटलं.

पुढचं सगळं गुळगुळीत झालं असं समजू नका. आठवड्याभराने वर्गात सरांनी मोठ्या उत्साहाने जाहीर केलं, "आता माझा पासवर्ड लांबलचक आहे. कळवा-मुंब्रा-दिवा-कोपर-डोंबिवली!" सगळा वर्ग हसला, कारण ते ऐकून पुढचं 'ठाकुर्ली-कल्याण' आम्ही कोरसमध्ये म्हणून टाकलं. लांबी चांगली, पण क्रम सगळ्या सेंट्रल लाइनला पाठ. शब्द माणसाने मनाने निवडायचे नसतात, फाशाने निवडायचे असतात. ही युक्ती अरनॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडली: फासा पाच वेळा टाकला की ६ चा पाचवा घात, म्हणजे ७,७७६ शक्यता. तेवढ्या शब्दांची क्रमांक घातलेली यादी घ्यायची, पाच-पाच वेळा फासा टाकून एकेक शब्द उचलायचा. असे पाच शब्द झाले की शक्यता होतात २८ च्या पुढे १८ शून्यं, त्याहूनही थोड्या जास्त. उलट सहा लहान इंग्रजी अक्षरांचा पासवर्ड घेतलात तर शक्यता जेमतेम ३१ कोटी. यंत्राच्या वेगाला हे काहीच नाही. सरांनी त्याच तासाला हॉस्टेलच्या कॅरममित्रांकडून ल्युडोचा फासा मागवला आणि फळ्यावर हे गणित करून दाखवलं. त्यांचे स्वतःचे पाच शब्द मात्र ते घरी टाकून आले, हे महत्त्वाचं.

मार्क भरायचं काय? तर पोर्टलमध्ये 'डेटा एन्ट्री' नावाचं वेगळं लॉगिन देण्याची सोय पहिल्यापासून होती. कुणी मागितलंच नव्हतं. सरांनी अर्ज केला. सही होऊन यायला तीन आठवडे लागले, आणि त्यात डिसेंबरची तारीख निघून गेली. ती नोंद सरांनी रात्री दोनपर्यंत जागून एकट्याने केली. आम्ही मदत करायला तयार होतो, ते नको म्हणाले. आता आम्हा तिघांची तीन लॉगिनं आहेत. आम्ही भरतो, सर कागदाशी ताडून मान्य करतात, आणि कुणी कधी काय बदललं ते ज्याच्या-त्याच्या नावावर दिसतं. रूममेटने पहिल्या दिवशी स्वतःच्या लॉगिनने भरलेल्या पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे. कुणाला दाखवत नाही. वर्गातले अजून 'सतरा' म्हणतात.

ओटीपी आता ओरडला जात नाही. जागेवरून उठताना सर विंडोज आणि एल दाबतात, दहातल्या सातदा तरी. गेल्या महिन्यात प्रोजेक्टरवर काहीतरी दाखवायचं होतं म्हणून मी त्यांच्या शेजारी उभा होतो. पासवर्ड टाकायची खिडकी आली. सरांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "अरे, जरा तिकडे बघ." मी पंख्याकडे बघत उभा राहिलो. पाच शब्द टाइप करायला त्यांना बराच वेळ लागला.